अठरा वॅटसाठी एकवीस किलो

४ मार्च, मंगळवार
आजही वीज गेली. रस्ता खणून नवी केबल टाकतायत. महिनाभर रोज दुपारी तास-दीड तास जाणार म्हणे. वीज गेली की राऊटर मान टाकतो आणि बायकोचा कॉल तुटतो. ती स्पीच थेरपिस्ट. मेंदूचा झटका येऊन वाचा गेलेल्यांना घरबसल्या, व्हिडिओवर पुन्हा बोलायला शिकवते. आज ड्रायव्हर आजोबा होते. मंगळवार-शुक्रवार त्यांचे. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस, पण सहा महिन्यांत 'हो' आणि 'अं' यांच्या पुढे सरकलेला नाही. आज ओठ जुळवून 'पा' म्हणाले आणि स्क्रीन गोठली. पाणी, पान की पाय, कळलंच नाही. बायको नीट जेवली नाही.

तिला शब्द दिला. आठवड्याभरात कायमचा बंदोबस्त. तांत्रिक बाबतीत मला उपजतच गती आहे.

५ मार्च, बुधवार
मेहुणा टपकला. लिफ्ट दुरुस्त करतो. राऊटरच्या पाठीवरचा स्टिकर वाचून म्हणाला, भावोजी, हा आणि दाराजवळचा, बाहेरून इंटरनेट आणणारा फायबरचा डबा मिळून अठरा वॅट. पुस्तकाएवढा मिनी यूपीएस मिळतो, तो घ्या, दोन तास आरामात निघतील. बायको लगेच म्हणाली, बघा!

लिफ्टवाल्याची झेप ती काय. वर नाहीतर खाली. मी स्वतः अभ्यास करणार.

८ मार्च, शनिवार
एकोणीस व्हिडिओ पाहिले. तक्ता केला, चौदा रकाने. यूपीएसच्या विजेची साइन वेव्ह दोन प्रकारची असते हे या घरात फक्त मला माहीत आहे. बायकोला समजावून सांगत होतो, तर तिने विचारलं, यात आपला राऊटर कुठे आहे?

तो रकाना राहिलाय.

११ मार्च, मंगळवार
आजोबांचा कॉल पुन्हा तुटला. बायकोने माझ्या तक्त्याकडे नुसतं पाहिलं. तेही वाईटच.

आता फक्त रकान्यांना रंग देणं बाकी आहे.

१५ मार्च, शनिवार
यूपीएस घेतला! एकवीस किलो. दुकानदाराने विचारलं, छोटा कारखाना आहे का? मी गूढ हसलो. तिसऱ्या मजल्यापर्यंत दोघांनी चढवला. त्या दोघांत मी होतो असं माझं मत आहे. शेजारच्या नर्सबाईंचं वेगळं आहे, पण त्या मध्येच आत गेल्या होत्या.

बायकोच्या खोलीत, तिच्या टेबलाखाली ठेवला. तिचे पाय आता मावत नाहीत. सवय होईल.

१८ मार्च, मंगळवार. दुपारी ४.४०
वीज गेली. राऊटर ढिम्म हलला नाही. जवळजवळ सगळे दिवे हिरवे! हात मागे बांधून, सावकाश पावलं टाकत बायकोच्या खोलीत गेलो. कॉल तुटलेला होता.

फायबरचा डबा यूपीएसला जोडायचा राहिला. म्हणजे राऊटर उत्तम चालू होता, इंटरनेट नव्हतं. हे दोन वेगळे विषय आहेत. लोक गल्लत करतात.

बायको बाल्कनीत जाऊन मेहुण्याशी फोनवर बोलत होती. हळू आवाजात. मी काही कान दिला नाही. ऐकूच येत नव्हतं.

२० मार्च, गुरुवार
एक्स्टेन्शन ओढून डबा जोडला. एवढी ताकद वाया कशाला घालवायची, म्हणून लेझर प्रिंटरही त्यालाच जोडून टाकला. माहितीपुस्तिका इतक्या बारीक अक्षरात आहे की ती वाचण्यासाठी नसावी.

उद्या बघाच म्हणावं.

२१ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी
साडेचारला वीज गेली आणि कॉल चालूच राहिला! दाराआड उभा राहून ऐकत होतो. तेवढ्यात यूपीएस बोलायला लागला. टीं. दर चार सेकंदांनी टीं. बॅटरीवर चालतोय हे तो असं कळवतो म्हणे. त्यात प्रिंटर जागा झाला, आपोआप तापायला लागला. भार झेपेना, तशी टीं अखंड झाली, किटलीच्या शिट्टीसारखी.

धावत गेलो, टेबलाखाली घुसलो. बायको हाताने हाकलत होती. बटण कुठलं ते दिसेना. आणि स्क्रीनवरून एक घोगरा, गंजलेला आवाज आला.

"अरे... ते... बंद कर ना बाबा!"

आजोबा! सहा महिन्यांतलं पहिलं अख्खं वाक्य. बायको खुर्चीतून उठून उभीच राहिली. तिकडून आजी रडत म्हणत होत्या, परत बोला हो, एकदा परत बोला. बायकोच्या डोळ्यांना धार. माझ्याही, पण माझं डोकं टेबलाला आपटलं होतं.

मग बटण सापडलं. जरा जास्तच वेळ दाबलं गेलं. सगळंच बंद झालं. कॉलसुद्धा.

बायकोने मोबाइलवरून आजींना फोन लावला. दोघी अर्धा तास बोलल्या. माझं नाव निघालं नाही.

तरी इथे नोंदवून ठेवतो. वाचा यंत्रामुळे आली. यंत्र मी निवडलं. पुढचं ज्याचं त्याने ठरवावं.

२५ मार्च, मंगळवार
मेहुण्याने मिनी यूपीएस आणला. बसवायला चार मिनिटं लागली. त्यातली तीन माझा बाजूला सरकवण्यात गेली.

चारला बायको म्हणाली, तुम्ही जरा बाहेर चक्कर मारून या. मी म्हटलं, काही अडलं तर? ती म्हणाली, म्हणूनच.

दीड तासाने परत आलो. मधे वीज गेली होती, कुणाला कळलंही नाही. बायको एकटीच हसत बसली होती. आजोबा आज आणखी बोलले. आधी स्क्रीनवर इकडेतिकडे पाहिलं, मग एकेक शब्द जुळवून विचारलं, तो... टेबलाखालचा... गेला का?

बायकोने सांगितलं, हो, गेला.

आजोबा म्हणाले, बरं झालं.

'झ' अगदी स्वच्छ होता म्हणे.