सहा अंड्यांची कृती

हाल्किदा, ३ मार्च १९५५

ती. लुना मावशींस,
सा. न. वि. वि.

लग्नानंतर हे माझं पहिलंच पत्र. उशीर झाला, कबूल. लग्नात भर जुलैत लांब बाह्यांचा झगा घालून तुम्ही मला नखशिखांत न्याहाळलंत आणि ‘हडकुळी आहे, पण डोळे बरे आहेत’ असं पेपोला तुमच्या सालोनिकाच्या ज्यू घरांतल्या स्पॅनिशमध्ये सांगितलंत. त्यानं ते मला लगेच सांगितलं. तुमच्या भाच्याच्या पोटात काही राहत नाही.

यंदाचा वल्हांडण सण आमच्या स्वतःच्या घरातला पहिलाच. सहा एप्रिलला संध्याकाळी पानं मांडायची. तुम्ही यायलाच हवं. पेपोला तुमच्याशिवाय रक्ताचं कुणी उरलेलं नाही, आणि तुम्हालाही तो सोडून कुणी नाही.

गेल्या वर्षी, लग्नाआधी, या सणाला तो माझ्या आईच्या पंक्तीला होता. लीकचे वडे कुठायत, असं त्यानं विचारलं. आमच्यात ते करत नाहीत, असं आई म्हणाली. काही बिघडत नाही, असं म्हणून त्यानं सगळं ताट तसंच ठेवलं. तेव्हा त्याच्या आईची कृती मला कळवा. तुम्ही ग्रासियाबाईंच्या सख्ख्या बहीण. तुम्हाला नाही तर कुणाला येणार?

लोभ आहे की नाही ते ठाऊक नाही, पण असावा ही विनंती.

तुमची सून,
झाफिरा

सालोनिका, ९ मार्च १९५५

चि. सौ. झाफिरास अ. आ.

पत्र पोचलं. अक्षर चांगलं आहे. तुम्ही ग्रीक बोलणारे ज्यू लोक सगळ्यात शेपू घालता, म्हणून आधीच बजावते: यात शेपू नाही!

एक किलो खिमा घे. तेवढेच लीक बारीक चिर, कांद्याच्या पातीसारखा हिरवा भाग टाकून पांढरा दांडा तेवढा. वर सहा अंडी फोड. मीठ, मिरी. बेखमीर भाकरीचा चुरा मूठभर. चपटे वडे थाप, भरपूर तेलात तळ. आमच्या घरचे वडे खायला अख्खी गल्ली यायची.

मी येईन अशी आशा धरू नकोस. प्रवास मला सोसत नाही. शिवाय इथं शिंप्याकडची काजं करायची पडली आहेत. तुमच्या खाडीचं पाणी घडीघडी दिशा बदलतं म्हणे. माझं तसं नाही. एकदा नाही म्हणजे नाही.

पेपोला गळ्याला मफलर बांधायला सांग.

मावशी

हाल्किदा, १७ मार्च १९५५

ती. लुना मावशींस,
सा. न. वि. वि.

कसं सांगू? पहिला घाणा कढईत सोडला आणि वड्यांचा बघता बघता भुगा झाला. पेपोनं तो चमच्यानं खाल्ला आणि म्हणाला, छान लागतंय, नाव काय याचं? दुसऱ्या वेळी मी चुरा दुप्पट घातला. ते वडे मांजरानं हुंगले आणि निघून गेलं. पेपो म्हणतो, आईचे वडे इतके मऊ असायचे, पण कधी फुटायचे नाहीत.

राग मानू नका, सहा अंडी बरोबर आहेत ना? माझी आई म्हणते, तुझ्या मावससासूला तुला सांगायचंच नसेल, मुद्दाम काहीतरी गाळलं असेल. त्यावरून मी आईशी कडाक्याचं भांडले आणि दोन दिवस अबोला धरला. आता माझी लाज तुम्हीच राखायची.

पेपोनं तुमच्यासाठी मागची खोली चुन्यानं रंगवली. तुमचं ‘नाही’ त्याला वाचून दाखवलं, तरी रंगवली.

रागावलात तरी पत्र पाठवा.

झाफिरा

सालोनिका, २३ मार्च १९५५

चि. सौ. झाफिरास अ. आ.

आईशी आधी बोल. ती चुकली, पण फार चुकली नाही. मी गाळलं नाही, मला येतच नाही.

आमच्या घरी आई आणि ग्रासिया स्वयंपाक करायच्या. मी धाकटी, लाडावलेली. मग त्रेचाळीस साली जर्मनांनी आम्हाला गाड्यांत भरून छावणीत नेलं. तिथं बराकीत बायका पोटात काही नसताना एकमेकींना कृती सांगायच्या. मी लीकचे वडे सांगायचे. जितकी भूक जास्त, तितका हात सैल. आधी दोन अंडी होती, मग चार, शेवटी सहा. खिम्याचंही तेच. लीक उकडा, पाणी काढा, असली कामं तिथं कोण सांगत बसणार? सगळ्याजणी थेट तळायलाच घ्यायच्या. तीच कृती तुला धाडली. मला वाटलं, जमेल.

खरं सांगू? म्हणूनच यायचं नव्हतं. तू मला चुलीपुढं उभी केली असतीस आणि पेपोला कळलं असतं की मावशीपाशी आईचं काहीच शिल्लक नाही.

घरी मला एकच काम असायचं. आई लीक उकडून निवत ठेवायची आणि मी ते मुठीत धरून पिळायचे. ग्रासिया येऊन माझा प्रत्येक गोळा पुन्हा पिळून बघायची. एक थेंब पडला तरी ‘परत!’ म्हणून ओरडायची. कोपरापर्यंत ओली व्हायचे, बोटांचा वास जायचा नाही. तिचा भारी राग यायचा. एवढंच मला येतं, आणि त्याला काही कुणी स्वयंपाक म्हणत नाही.

आता काय ती माया कमी कर. माझी तक्रार नाही.

लुना

हाल्किदा, २९ मार्च १९५५

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

मावशी, तेच होतं हो! आम्ही कच्चे लीक घालत होतो, ते तेलात पाणी सोडत होते. आज उकडले, पिळले, अंडी दोनच घातली, खिमा अर्धा. एक वडा फुटला नाही.

पेपोनं चुलीशी उभ्यानंच तीन खाल्ले. चौथा हातात धरून खाली बसला. म्हणाला, मीठ कमी आहे. मग रडला. लग्न झाल्यापासून मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं, मीही रडले. तुमचं पत्र मी त्याला दाखवलं, रागवा हवं तर. त्यानं ते दोनदा वाचलं. म्हणाला, आईचा तो ‘परत!’ मला आठवतो, पण ती कुणाला ओरडायची ते आज कळलं.

आता ऐका. माझ्या मनगटात जोर नाही. माझ्या गोळ्यातून अजून थेंब पडतो. सहा तारखेला सकाळी मी चार जुड्या लीक उकडून परातीत निवत ठेवीन. पिळणार नाही. तुम्ही आलात तर वडे होतील, नाहीतर यंदाही पेपो वड्यांशिवाय जेवेल.

माया कमी करायला सांगितलीत, ते जमणार नाही.

झाफिरा

सालोनिका, २ एप्रिल १९५५

चि. सौ. झाफिरास अ. आ.

पाच तारखेच्या गाडीनं निघते. लीक उकड, पण हात लावू नकोस. पेपोलाही लावू देऊ नकोस.

लांब बाह्या घालून पिळता येत नाही, म्हणून आखूड बाह्यांचा झगा आणते आहे. कोपराखाली छावणीत त्यांनी गोंदलेला नंबर आहे, तो दिसेल. दिसू दे. तुझ्या आईलाही बोलाव, आणि ती मोठी परात धुऊन ठेव.

तुमची,
लुना मावशी