तोंड उघडल्याची हकीकत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (खरं तर सातच अंगांनी. आठवं अंग, म्हणजे डोकं, डाव्या गालासकट सुजलेलं असल्यामुळे जमिनीला टेकवण्याच्या अवस्थेत नाही. आशीर्वाद देताना तेवढा भाग वजा करू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम गच्चीवर जातेस, असं भाऊजींकडून कळलं. भाऊजींना हल्ली ऐकू येत नाही ही तुझी तक्रार पोचली. पण त्यांची निंदा चाललेली असली तर ती त्यांना तिसऱ्या खोलीतून ऐकू येते, असंही तूच कळवलंस, तेव्हा कान शाबूत आहेत आणि संसारही. इकडे सगळं ठीक, म्हणजे तुझी भावजय ठीक आहे.

दर रविवारी फोन करणारा भाऊ एकाएकी पत्र लिहायला का बसला, असं तुला वाटेल. कारण असं, की दोन दिवस कमी बोलावं असा मला हुकूम झाला आहे. (हुकूम ऐकून घरात जो आनंद झाला, तो लपवण्याचे कष्टही कोणी घेतले नाहीत.) आणि हुकूम देणारी व्यक्ती दातांची डॉक्टर आहे. होय, ताई. आधी खाली बस, मग पुढे वाच. मी दातांच्या दवाखान्यात जाऊन आलो.

नऊ वर्षांचा असताना तू मला हाताला धरून नेलंस, त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं मी त्या जमातीच्या वाऱ्यालाही उभा राहिलो नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? लवंगा झाल्या, मिठाच्या गुळण्या झाल्या. एकदा तर शेजारच्या सुताराचं ऐकून पायाचा अंगठा दोरीने घट्ट आवळून बसलो. (दाढ थांबली नाही, पण अंगठा असा ठणकला की दाढेची आठवण राहिली नाही. सुतार याला गुण आला म्हणतो.) अकरा वर्षं फक्त उजव्या बाजूने जेवतो आहे. डावी बाजू देवाच्या हवाली. हसताना तोंडावर हात ठेवतो, तर लोक मला विनयशील समजतात.

त्यात दैवाची थट्टा बघ. मी पडलो बोर्ड रंगवणारा. तीन वर्षांपूर्वी माझ्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून एका डॉक्टरीणबाईंनी दातांचा दवाखाना थाटला आणि त्यांचा बोर्ड मीच रंगवला. त्यावर पांढरीशुभ्र दाढ काढली, तिला डोळे काढले, हसू काढलं. लोक म्हणाले, दाढ अगदी जिवंत वाटते. वाटेल नाही तर काय, रंगवताना माझी ठणकत होती. बाई म्हणाल्या, काका, आत येऊन बघा, बोर्ड कुठे शोभेल. मी म्हटलं, शिडीवरून जास्त चांगलं दिसतं.

तर गेल्या आठवड्यात शाळेच्या टाकीवर ‘पिण्याचे शुद्ध पाणी’ असं लिहीत होतो. ‘पिण्याचे’पर्यंत सुखरूप आलो आणि दाढेतून अशी कळ निघाली की शिडीसकट मी हललो. कसंबसं संपवून खाली उतरलो आणि वर बघतो तर ‘पिण्याचे युद्ध पाणी’! ताई, चौतीस वर्षांत माझ्या हातून एक वेलांटी चुकलेली नाही. मुख्याध्यापिकाबाई भल्या. म्हणाल्या, राहू द्या, नळावर मुलं तेच करतात. पण मला रडू फुटायचं बाकी होतं. घरी आलो, तर गालाचा फुगा झालेला. तुझ्या भावजयीने कुणाच्या तरी झग्याची शिवण अर्धी टाकली, ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या (हे लक्षण वाईट) आणि म्हणाली, ‘‘चालत जाताय, की गल्लीदेखत ओढत नेऊ?’’

चालत गेलो. दारातून ती खुर्ची दिसली. पाय असलेला, दिवा असलेला, माणूस आडवा करणारा प्राणी! दारापाशी नंबर लिहून घेणाऱ्या मुलीने विचारलं, काय होतंय? माझ्या तोंडून निघालं, काही नाही, बोर्डाचा रंग उडालाय का ते बघायला आलो. ती म्हणाली, बरं झालं आलात, उडालाच आहे. झालं! सुजलेला गाल घेऊन तासभर भर उन्हात मी त्या दाढेचं हसू पुन्हा रंगवलं.

दुसऱ्या दिवशी तुझी भावजय दवाखान्याच्या दारापर्यंत पहाऱ्याला आली, मला आत ढकललं आणि शिवणाकडे परतली. बाकावर बसलो. माझा नंबर आला की मी शेजारच्याला म्हणायचो, आधी तुम्ही. एक आजी, एक पोस्टमन, एक नवराबायको, सगळ्यांना पुढे काढलं. आजी म्हणाल्या, असा सज्जन माणूस पाहिला नाही. दवाखाना जेवणासाठी बंद झाला, तेव्हा बाकावर सज्जन एकटाच उरला होता.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या आणि शेजारी बसल्या. तुझ्या लेकीच्या वयाच्या असतील. ओरडतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, ‘‘काका, किती वर्षं झाली?’’ मी बोटांनी हिशेब करायला लागलो, तर म्हणाल्या, ‘‘असू दे. लाज वाटून घेऊ नका. उशिरा येणारेच जास्त घाबरलेले असतात.’’ मग आत नेऊन त्यांनी मला स्वतःच्या स्टुलावर बसवलं, आपण त्या खुर्चीत आडव्या झाल्या, आरसा माझ्या हातात दिला आणि आ केला. तीन दाढा भरलेल्या! डॉक्टरच्या! म्हणाल्या, दरवेळी रडते. मग ठरलं ते असं : मी डावा हात वर केला की त्या थांबणार. काहीही चाललेलं असो, थांबणार.

मी अकरा वेळा हात वर केला. अकराही वेळा त्या थांबल्या. बाराव्यांदा काहीच दुखत नव्हतं. खरंच थांबतात का, एवढंच बघायचं होतं. थांबल्या, आणि माझ्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. त्यांना वाटलं, सुई लागली. मला हात हलवून ‘नाही, नाही’ करावं लागलं. (त्यालाही त्या थांबल्या.)

ताई, आता गंमत बाजूला. तू मला ‘‘नुसतं बघणार आहेत’’ असं सांगून नेलं होतंस आणि त्यांनी दाढ उपटली, ही गोष्ट मी आजवर चारचौघांत किती वेळा सांगितली असेन. सगळे हसतात, तूही हसतेस. पण त्या खुर्चीत पडल्या पडल्या मला ते दार आठवलं. दारात तू उभी होतीस, दोन वेण्या, आणि दोन्ही कानांवर हात. मी तुला नेहमी मोठी समजत आलो. तू सतरा वर्षांची होतीस, ताई. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. तीन दिवस भाऊ विव्हळतोय, वडील कामावर, आणि त्याला काय सांगून न्यायचं हे तुला सांगणारं कोणी नव्हतं. घरी आल्यावर मी चार दिवस तुझ्याशी बोललो नाही. ते चार दिवस तुला कसे गेले, हे मी सत्तेचाळीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. आज विचारतो. जमलं तर सांग.

असो. पू काढला, गोळ्या चालू आहेत, एक दाढ भरली. ओठ अर्धा बधिर होता, तेव्हा चहा प्यालो तो निम्मा शर्टाने प्यायला. पण भीती म्हणशील, तर साफ गेली. मला स्वतःचंच आश्चर्य वाटतं. आता कोणी दाढ काढायची म्हटली, तरी मी शीळ घालत जाईन.

भाऊजींना नमस्कार. गच्चीवर जाऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. : भरली ती वरची दाढ. खालची वाचत नाही, मंगळवारी सकाळी दहा वाजता काढायची आहे. मला शीळ घालता येत नाही, हे काल लक्षात आलं.

आणखी एक : सोबत कोणीतरी आणा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे. तुझ्या भावजयीला मंगळवारी नेमकं शिवणाचं फार मोठं काम आहे, तिला अजिबात जमण्यासारखं नाही. तुझा गुडघा बरा असला आणि तुला इकडे यायचं काही निमित्त असलं, तर बघ. काही बोलायला नको, नुसती बाकावर बसलीस तरी चालेल. आग्रह नाही.

वन्संना नमस्कार. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, म्हणून खाली दोन ओळी लिहिते. मंगळवारी मला कसलंही काम नाही, आणि ते त्यांना ठाऊक आहे. तुम्ही या.