संपादकांचा निरोप

धाकट्या,

मायन्यात 'चिरंजीव' लिहायला आज हात धजावला नाही. सीमेवर लढताना तू गेल्याचं सैन्यातून कळून आज चार दिवस झाले.

दुपारी तुझे संपादक आले होते. उद्याच्या अंकात तुझ्यावर लिहिणार आहेत. आधी मुद्रितशोधक, मग वार्ताहर, फोटोग्राफर, मध्येच शिकवण्या आणि शेवटी सैनिक, सगळं त्यांनी टिपून घेतलं. "चार जन्मांची कामं एकाच जन्मात उरकली पठ्ठ्यानं," म्हणाले. मग उठता उठता म्हणाले, "ताई, तो सैन्यात निघायच्या आदल्या दिवशी मी तुमच्याकडे निरोप ठेवला होता. आपलं भांडण विसर, उद्यापासून कामावर ये. त्यानं साधं उत्तरही दिलं नाही हो."

तो निरोप मी तुला सांगितलाच नव्हता. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' असं तुला येता-जाता ऐकवणारी मी. वाटलं, वर्दी अंगावर चढली की आता तरी एका जागी टिकशील. देवापुढे दिवा लावला आणि गप्प बसले.

आणि आज त्यांना काय सांगितलं? "हट्टी होता, नको म्हणाला." त्यांनी तेही लिहून घेतलं. ज्या पानावर तू एक खोटी ओळ जाऊ दिली नाहीस, तिथे उद्या माझी जाईल.

अंक सहाला छपाईला जातो. कचेरीत जाऊन खरं सांगावं म्हणून चपला घातल्या, पण पाऊल उंबऱ्याबाहेर पडेना. म्हणून त्यांना सांगायचं ते तुला लिहीत बसले. आता सव्वासहा झालेत.

तुझी ताई