आबांची होडी पुन्हा पाण्यात

४ डिसेंबर २०२४
होडी आली! दुपारी पळसदेवच्या काठाला लागली. साठ वर्षांनी आमच्या घराण्याची फेरी पुन्हा सुरू होणार – आणि तीही माझ्या खटपटीनं. माझ्या आजोबांनी, आबांनी, भर पुरात भीमा पार केली होती. मी मास्तरकी केली खरी, पण रक्त नावाड्याचंच. छाती फुगली आहे, खोटं कशाला लिहू?

५ डिसेंबर
रोहिणी म्हणते, पहिली फेरी तीच नेणार. "परवाना माझ्याकडे आहे, बाबा, तुमच्याकडे नाही." साफ नाही म्हणालो. तिनं हवं तर शेजारी उभं राहावं. आमच्या घरात होडी पुरुषांनीच हाकली. लेक जेवायला आली नाही.

९ डिसेंबर
सराव. दोनदा गाळात रुतलो. दोन्ही वेळा होडी रोहिणीनं काढली.

१२ डिसेंबर
काठावर आबांच्या नावाचा फलक लावायचा आहे, म्हणून माहिती काढायला पलीकडे गेलो. पूर्वी तिथली घरं होडीवाल्याला वर्षाचं धान्य देत. तिथल्या सारजाबाईंना नव्वदीतही लख्ख आठवतं. "दोन पायल्या जुंधळं आन् वर एक चोळीचा खण."
होडीवाल्याला खण कशाला? मी म्हटलं, नदीची ओटी भरत असाल.
म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. "नदीची कशाला, गुर्जी? तुमच्या आजीला द्यायचो. होडी भागूबाईच हाकायची की. पुरातबी तीच. आबांचं डोळं देवीच्या रोगात गेलेलं. ते म्होरं बसून हाळी द्यायचे – चला, भागूची होडी निघाली!"
आजी गेली त्या दुःखानं आबांनी होडी सोडली, असं वडील सांगायचे. चहा तसाच ठेवून उठलो.

१३ डिसेंबर
दिवसभर चिडचिड. आबा तर दोन्ही काठांना ऐकू जाईल असं ओरडून सांगत होते! झाकलं ते आम्ही. पुराची गोष्ट मी तीस वर्षं वर्गात सांगितली. रंगवून रंगवून सांगितली. आजी त्यात कुठेच नव्हती. लाज वाटते. आणि अभिमानही असा दाटून येतो की बसवत नाही.

१४ डिसेंबर
पेंटरला फोन. फलकावर आधी भागूबाई, मग आबा.

२० डिसेंबर
पहिली फेरी झाली. मी पुढे बसलो आणि घसा बसेपर्यंत हाळी दिली – "चला, रोहिणीची होडी निघाली!"