पेंढ्यात ठेवलेली गाडी

पुणे
२४ फेब्रुवारी २०२५

ती. उमाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. गाडी तुझ्या बागेतल्या मांगरात, त्या आंब्याच्या पेट्यांच्या शेडमध्ये, आणि मी एसटीत, अशी परत आले. तुझ्या पंचाहत्तरीला मी आले नसते तर आंबा घाटात टायर फाटला नसता, असं तू रघूला म्हणालीस म्हणे. बागेची राखण करणाऱ्या माणसाला असली गुपितं सांगू नयेत, त्यानं मला स्टँडवरच सांगून टाकलं. आत्या, उगाच काहीतरी मनाला लावून घेऊ नकोस.

आता या गाडीला खर्च किती येतो, हे तू जेवताना तीनदा विचारलंस आणि मी तीनदा टाळलं, ते लिहिते. फोनवर तुला निम्मंच ऐकू येतं, आणि हे निम्मं ऐकण्यासारखं नाही. मागचे दोन्ही टायर एकदमच बदलावे लागतात. ते परदेशातून यायला सहा आठवडे, आणि जोडी एक लाख चाळीस हजारांची. विम्याचे वर्षाला साडेपाच लाख. काही न बिघडता नुसती सर्व्हिस पावणेतीन लाख. पेट्रोल लिटरला पाच किलोमीटर, पुण्याच्या गर्दीत तीन. गाडी नुसती उभी राहिली तरी बॅटरी उतरते, म्हणून रघूनं लावलेली ती चार्जरची वायर काढू नका. कंपनीतला माझा वाटा विकून ही इटालियन स्पोर्ट्स कार घेतली, जुनीच घेतली, तरी तिला पोसण्यात माझा निम्मा पगार जातो. मूर्खपणा आहे, मान्य. पण रविवारी सकाळी ती सुरू करते तेव्हा इतका आनंद होतो की सांगता सोय नाही.

गुडघ्यांचं कळव. माझ्यावर आहे तेवढी माया पुरे, थोडी वाढली तरी चालेल.

तुझी,
उर्वी


रत्नागिरी
३ मार्च २०२५

चि. उर्वीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा तू एखादं शून्य जास्त लिहिलंस का ते बघायला. अगो, तुझ्या विम्याच्या पैशात माझ्या सगळ्या बागेची वर्षाची फवारणी होऊन वर मजुरी सुटते. लिटरला तीन म्हणजे बाजारात जाऊन यायचं तर भाजीपेक्षा पेट्रोल महाग. आणि बसायला कसली ती खाली! मला आत घालायला तू आणि रघू लागलात, बाहेर काढायला शेजारच्या अक्षयाला हाक मारावी लागली. तरी खरं सांगते, जागच्या जागी बसूनसुद्धा मजा आली हो.

गाडीची काळजी करू नकोस. आंबे पिकवायच्या आढीसाठी भाताचा नवा पेंढा आणलाय. पेट्या आत-बाहेर करताना ओरखडा उठायला नको, म्हणून गाडीच्या खाली नि चहूबाजूंनी तो भरून घेतला आणि वर गोधडी घातली. आपल्याकडे जे जपायचं ते पेंढ्यात, मग हापूस असो नाहीतर चिनी मातीच्या बरण्या. रघू म्हणाला ताईंना विचारूया. मी म्हटलं त्यात काय विचारायचं.

पैसे उडव हवे तर, पण त्यापायी जेवणात काटकसर नको. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी,
उमाआत्या


रत्नागिरी
१७ मार्च २०२५

चि. उर्वीस,
अ. उ. आ.

कसं लिहू कळत नाही. आठ दिवस लपवलं, आता लपवत नाही.

पेंढा नीट झोडलेला नव्हता, त्यात दाणे राहिले होते. दाण्यांच्या वासानं उंदीर आले, आणि मेल्यांनी गाडीतच बिऱ्हाड केलं. चार्जरचा दिवा विझलेला दिसला म्हणून रघूनं पेंढा बाजूला केला, तर इंजिनात त्यांनी घरटं केलेलं आणि वायरी कुरतडून भुगा. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक गॅरेजवाला आणला. त्यानं हात लावायला नकार दिला, पण दोन-तीन फोन करून चौकशी केली. ते वायरिंग तुकड्यांनी मिळत नाही, सगळंच्या सगळं इटलीहून मागवावं लागतं. चौदा लाख म्हणाला.

तेव्हा मी असं ठरवलंय. वरच्या कातळसड्यावरची माझ्या नावची हापूसची बारा कलमं शेजारच्या बागवाल्या नितेशला देते. तो कधीपासून मागत होता. एक लाख विसार घेतला, २८ तारखेला रजिस्ट्रारकडे खरेदीखत. पैसे तुझ्या खात्यात येतील, नाही म्हणू नकोस. तुझ्या हौशीची मी माती केली. सगळा पेंढा मी माझ्या हातांनी उपसला, रघूला शिवू दिलं नाही.

रागावलीस तर रागाव, पण दोन ओळी तरी लिही.

तुझी,
उमाआत्या


पुणे
२१ मार्च २०२५

ती. उमाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी मला हे सांग, पेंढा उपसताना हातांत मोजे होते का? उंदरांनी घाण केलेल्या पेंढ्यात तू या वयात उघडे हात घातलेस? लेप्टोनं माणसं जातात, आत्या. ताप आला, पोटऱ्या दुखल्या तर अंगावर काढू नकोस. रघूला मी फोन केलाय. तो तुला डॉक्टरांकडे नेईल, आणि हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत रजिस्ट्रारकडे नेणार नाही. तो तुला फार घाबरतो, पण या खेपेला माझं ऐकेन म्हणाला.

आता गाडीचं. विमा कंपनीला विचारलं, माझ्या पॉलिसीत उंदीर बसत नाहीत. चौदा लाख मला जड आहेत, खोटं कशाला बोलू? गाडी काही महिने उभी राहील, मग दुरुस्त करायची की विकायची ते बघेन. पण गाडी मी घेतली, तिचा सगळा खर्च माझा. उंदीर धरून.

अठराव्या वर्षी तू मला मिरजोळ्याच्या रिकाम्या रस्त्यांवर रविवारी गाडी शिकवायचीस. मी एकाच्या कुंपणाचा जांभ्याचा गडगा पाडला होता. तू गाडीकडे बघितलंसुद्धा नाहीस. माझं कपाळ चाचपलंस, पाणी दिलंस, आणि पुन्हा मलाच चालवायला लावून घरी आलीस. तो गडगा कुणी बांधून दिला, किती लागले, मला आजतागायत माहीत नाही. बाबा गेले आणि नऊ वर्षांची मी तुझ्याकडे आले, तेव्हापासून माझ्यासाठी काय काय केलंस ते तू कधी बोलली नाहीस. समोर आभार मानले तर तू मध्येच उठून चहा टाकतेस. पत्रात तुला उठता येत नाही, म्हणून इथे मानते. मी जी काही आहे ती तुझ्यामुळे आहे.

कलमं विकायची नाहीत. हे मी विचारत नाही, सांगते आहे.

रागावायला मला तुझ्याशिवाय आहे कोण, म्हणून एवढं चालवून घे.

तुझी,
उर्वी


रत्नागिरी
२६ मार्च २०२५

चि. उर्वीस,
अ. उ. आ.

रक्त तपासलं, काही नाही. डॉक्टर एवढ्या मोठ्यानं म्हणाले की बाहेरच्या सगळ्या पेशंटांनाही कळलं. काल नितेशला विसार परत दिला. भाचीनं मनाई केली म्हटलं, तर हसून म्हणाला, काकी, माझे भाचे माझा फोनसुद्धा उचलत नाहीत.

उर्वी, आता खरं सांगते. मला चौदा लाखांची भीती नव्हती. तू वर्षातून दोनदा येतेस. गाडीची दशा बघून तू मला बोलली नसतीस, पण तुझं इथून मन उडालं असतं. आधी दोनदाचं एकदा, मग फोनवर विचारपूस, असं होत होत तू यायची थांबशील असं वाटलं. ते मला कलमं देऊन टाळायचं होतं. बारा कलमांनी ते टळलं नसतं, हे मला कळायला हवं होतं.

तुझे आभार वाचले आणि पदर भिजेपर्यंत रडले. अगो, तू आलीस तेव्हा माझं घर म्हणजे नुसतं ऑफिसातून येऊन झोपायची जागा होती. तू आलीस आणि मला घरी परत यायची घाई होऊ लागली. त्याचे आभार मी कुणाचे मानायचे?

नीट राहा. आता जास्त लिहवत नाही.

तुझी,
उमाआत्या


पुणे
३१ मार्च २०२५

ती. उमाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गाडी न्यायला शनिवारी, पाच एप्रिलला ट्रक येतोय. टायर पुण्यातच बसवून घेऊ, असं सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले. ट्रकचे पंचेचाळीस हजार, तेही लिहून ठेवते, नाहीतर म्हणशील लपवलं. ट्रकवाल्यानं विचारलं की ड्रायव्हरशेजारी जागा आहे, गाडीबरोबर परत येणार का. मी नको म्हटलं.

मी शुक्रवारी येते. गाडी शनिवारी जाईल. मी तीन आठवडे राहणार आहे.

तुझी,
उर्वी