सुरईवरची दोन नावे

मी सटवाजी, वय चौऱ्याहत्तर, धंदा कुंभारकाम, शिक्षण चौथी पास, राहणार साखरा, हल्ली मुक्काम लंडन, सौ. गोजरबाई हिस लिहून कळवितो की, प्रकृती उत्तम आहे. गुडघा किंचित कुरकुरतो.

काल संग्रहालयात ग्रीक लोकांची प्राचीन सुरई पाहिली. लाल मातीवर काळे घोडे रंगविलेले होते. सूनबाई पाटी वाचून म्हणाल्या, "बाबा, घडवणारा एक अन् रंगवणारा दुसरा. दोघांची बी नावं हायेत."

लग्नात पुजायच्या ऐरणीच्या मडक्यांवर वेली तू काढतेस. प्रदर्शनात मात्र "सर्व काम माझेच" असे सांगून मी शाल स्वीकारली. तू एवढेच म्हणालीस, "व्हय जी, माझी बोटं बी तुमचीच."

माझे ते सांगणे खोटे होते.

तुझे नाव खाली मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. वेल काढतेस तसेच पाहून काढ, प्रत्येक मडक्यावर.

गोजरबाई

समक्ष साक्षीदार: मुलगा शिवशंकर, सूनबाई कोमल.