पडद्यावर न उमटणारं नाव

१२ जुलै १९८८
सौ.ची तेरवी आटोपली. आज कामावर. सगळ्यांनी चेहरे पाडून ठेवले होते. साडेअकराला प्रिंटर अडकला आणि चेहरे आपोआप सरळ झाले. अख्ख्या कॉलेजला मशीन एक, टर्मिनलं आठ. अ‍ॅडमिशन, पगार, निकाल, सगळं त्याच्या पोटात. मास्टर पासवर्ड फक्त मला ठाऊक, त्यामुळं बारीकसारीक अडलं तरी वरात माझ्याकडे. हेडक्लार्क बोंडे म्हणाले, "सर, तेवढा शब्द सांगून ठेवा ना. तुम्ही नव्हते तं लय हाल झाले आमचे."
त्यांचे हाल. बरं.

१५ जुलै
पासवर्ड टाकताना पडद्यावर काही उमटत नाही. मागं कोणी उभं राहिलं तरी त्याला काळं दिसतं. फार सभ्य सोय.
लग्नात आईनं सौ.चं नाव बदललं. माहेरचं तिला गावंढळ वाटलं. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं लिहिलं ते मीच. जुनं उरलं नाचणगावात, सासूबाईंच्या तोंडी. आणि या मशीनमध्ये. रोज सकाळी मी ते टाकतो. घरी मात्र जन्मभर 'ऐकलं का?'. शेजाऱ्यांना वाटत असेल, हिचं नाव तेच.
'सौ.'च्या आधी आता 'कै.' लावतात म्हणे. लावत नाही.

१९ जुलै
प्राचार्यांनी बोलावलं. संस्था एका माणसावर चालत नाही, म्हणाले. खरं आहे. सौ. दवाखान्यात असताना मशीन अडलं की चपराशाला सायकलवर तिच्या खाटेपर्यंत पाठवत होते. पासवर्ड बोंडेंना द्या, म्हणाले.
मी म्हटलं, अंगण झाडायला माणूस ठेवला म्हणून तिजोरीची किल्ली देतो का आपण? हा शब्द ज्याच्या हाती, तो निकाल फिरवू शकतो, सगळं पुसू शकतो. त्यांना पटलं. युक्तिवाद चोख होता. खरं कारण वेगळं, ते त्यांच्या टेबलावर काय मांडणार.
उपाय: छोटे छोटे प्रोग्रॅम लिहायचे. एकेक काम एकेकाला. बोंडेंना प्रिंटर. लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलणं रंगारीबाईंना. अकाउंट्समध्ये त्याच एक डोकं ठिकाणावर ठेवून असतात. त्यांनी आपल्या नावानं आत यायचं, मशीन तेवढ्या कामापुरता माझा अधिकार देईल, लगेच काढून घेईल. शब्द कुणाला सांगायलाच नको.

२६ जुलै
फजिती. बोंडे प्रिंटरची रांग पाहत होते. त्यांना प्रत्येक नोटिशीवर 'अर्जंट' लिहून पुढं उद्गारचिन्ह ठोकायची सवय. इथंही ठोकलं. रांग दाखवायला मी जो तयार प्रोग्रॅम वापरला, त्यात ते चिन्ह दाबलं की माणूस प्रोग्रॅमबाहेर, मोकळ्या मशीनमध्ये पडतो. आणि पडला तो माझ्या अधिकाराचा अंगरखा घालूनच.
घाम पुसत आले. "सर, मले निकाल दिसून राह्यले. बदलूबी शकतो वाटते."
हात लावला नाही म्हणाले. बघितलं, खरंच लावला नव्हता. देवमाणूस, किंवा घाबरट. ते भोक बुजवलं. बाकीचे प्रोग्रॅमही पुन्हा तपासले. प्रिंटरचं काम देताना खिडकी उघडी राहत नाही ना, हे आधी बघायचं. काम देणं सोपं. तेवढंच देणं अवघड.

३ ऑगस्ट
लिहायचं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात चपराशी पुन्हा आला तेव्हा सौ. म्हणाली, "असं काय ठेवलं त्या शब्दात? सांगून टाका ना त्याले."
कानात सांगितलं, काय ठेवलंय ते.
हसली. खोकला येईस्तोवर हसली. "बायकोले कधी एकडाव म्हटलं नाई, अन् मशीनले रोज?" मग म्हणाली, "म्हणून दाखवा. मोठ्यानं."
वॉर्ड भरलेला. सासूबाई पायाशी बसलेल्या. मी म्हटलं, घरी गेल्यावर.

११ ऑगस्ट
सगळं चालू झालं. बोंडे प्रिंटर सोडवतात, रंगारीबाई पासवर्ड बदलून देतात, टेपवर नक्कलसुद्धा त्याच घेतात. कोणाच्या हाती नको ते नाही. आयुष्यात एवढं नेटकं काम केलं नव्हतं.
रंगारीबाई चहा घेताना म्हणाल्या, "सर, तुमचं तं काही कामच नाई उरलं आता."
खरंच. या आठवड्यात एकदाही ते नाव टाकायची गरज पडली नाही.

१६ ऑगस्ट
प्राचार्य खूश. फक्त एक म्हणाले: उद्या तुम्हालाच काही झालं तर? मास्टर पासवर्ड बंद लिफाफ्यात घालून माझ्या कपाटात ठेवा. त्यांच्या जागी असतो तर मीही हेच मागितलं असतं.
मार्ग सरळ आहे. नवा, निरर्थक शब्द ठेवायचा, तोच लिफाफ्यात. मशीनसमोर बसलो. त्यानं जुना मागितला, मी टाकला. बोटांना सवय आहे. नवा मागितला.
कर्सर लुकलुकत राहिला. रद्द करून उठलो.

१७ ऑगस्ट
सासूबाई आल्या, नाचणगावहून. सौ.ची लुगडी बघायला, म्हणाल्या. बघितली एकही नाही. संध्याकाळी चहा दिला. सहज विचारल्यासारखं विचारलं, तिला घरात हाक कशी मारत होता तुम्ही?
"कशी म्हंजे?" म्हणाल्या. बशी खाली ठेवली, आतल्या खोलीकडे तोंड केलं आणि मारली. पुऱ्या आवाजात. शेवटचं अक्षर लांबवून, शेतातून मारावी तशी.
मग दोघंही तिकडेच बघत बसलो.
लिफाफा टेबलावर आहे, रिकामा. उद्या द्यायचाय.